जुन्या डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू आणि व्हिडिओ: कोणत्या कॅमेऱ्यात काय जमते आणि ते कसे करावे

ठाण्यात आणि नवी मुंबईत कपाटात पडून असलेल्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांपैकी बरेचसे २००५ ते २००९ या काळातले असतात. त्यांचे फोटो आजही चांगले येतात आणि लेन्स तर मुळीच टाकाऊ झालेल्या नाहीत; पण व्हिडिओचे बटण नसते, आणि काही कॅमेऱ्यांत मागच्या पडद्यावर समोरचे दृश्यसुद्धा दिसत नाही, म्हणजे लाइव्ह व्ह्यू नसतो. घरी गाण्याचे किंवा चित्रकलेचे ऑनलाइन वर्ग घेणारे आणि स्वतः बनवलेल्या वस्तूंची विक्री करणारे लोक हा कॅमेरा व्हिडिओसाठी वापरता येईल का, असे हमखास विचारतात. उत्तर मॉडेलनुसार बदलते, मात्र त्यामागचा नियम एकच आहे: सॉफ्टवेअरने कॅमेऱ्यात नवा भाग बसत नाही, आत जे आधीपासून आहे आणि कंपनीने मेनूत दिलेले नाही तेवढेच त्याने बाहेर काढता येते.

आधी आपला कॅमेरा कोणत्या गटातला ते पाहावे

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आदळून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो आणि सेन्सर शटरच्या पडद्यामागे अंधारात बसलेला असतो. लाइव्ह व्ह्यूसाठी आरसा वर जाऊन तिथेच थांबावा लागतो, शटर उघडे राहावे लागते आणि सेन्सरवरचे चित्र सेकंदाला अनेकदा वाचून पडद्याकडे पाठवावे लागते. व्हिडिओसाठी याच्या पुढची एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे येणारी चित्रे त्याच वेगाने आकसून कार्डावर लिहू शकणारा प्रोसेसर.

मुख्य सेन्सरवरून लाइव्ह व्ह्यू देणारे डीएसएलआर २००६ च्या ऑलिंपस ई-३३० पासून बाजारात रुळू लागले, आणि २००८ मध्ये निकॉन डी९० ने डीएसएलआरमध्ये पहिल्यांदा व्हिडिओ आणला. तो ७२०पी आणि सेकंदाला २४ फ्रेम असा होता, आणि एक तुकडा ५ मिनिटांपेक्षा मोठा करता येत नसे. त्याच वर्षी कॅनन ५डी मार्क टू १०८०पी व्हिडिओ घेऊन आला. या तारखा लक्षात ठेवल्या की जुना कॅमेरा हातात घेतल्यावर अर्धा अंदाज तिथेच येतो.

पहिल्या गटात लाइव्ह व्ह्यूच नसलेले कॅमेरे येतात: कॅनन ३०डी, ३५०डी, ४००डी, निकॉन डी४०, डी८०, डी२०० आणि, २००९ चा असूनही, डी३०००. दुसऱ्या गटात लाइव्ह व्ह्यू आहे पण व्हिडिओ नाही: कॅनन ४०डी, ४५०डी, १०००डी, निकॉन डी३००, डी७००. तिसऱ्या गटात कॅनन ५०डी जवळजवळ एकटाच बसतो, कारण त्यात व्हिडिओसाठी लागणारे सारे काही आहे आणि फक्त मेनूतली सोय नाही. कॅनन ५००डी किंवा निकॉन डी५००० पासून पुढच्या बहुतेक मॉडेलांत व्हिडिओ मुळातच आहे, त्यामुळे त्यांच्या मालकांनी हा लेख प्रकाश आणि आवाजाच्या भागासाठी वाचावा.

पहिल्या गटासाठी थोडक्यात

पहिल्या गटातल्या कॅमेऱ्यांवर पैसा किंवा वेळ घालवू नये. यातल्या निकॉनच्या सगळ्या मॉडेलांत सीसीडी या जुन्या प्रकारचे सेन्सर आहेत आणि ते अखंड वाचनासाठी मांडलेलेच नाहीत. कॅननचे सेन्सर सीमॉस या दुसऱ्या प्रकारचे असले तरी आतली बाकीची जोडणी एकावेळी एकच फोटो काढण्याच्या हिशेबाने केलेली आहे. कोणतेही फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारे आतले सॉफ्टवेअर, याला पर्याय देत नाही, आणि तसे सांगून विकले जाणारे काही दिसल्यास ते घेऊ नये. व्ह्यूफाइंडरच्या डोळ्यावर बसवायचा झिगव्ह्यूसारखा छोटा कॅमेरा मात्र खरोखर उपयोगी असतो: तो व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे दृश्यच टिपून एका लहान पडद्यावर दाखवतो, म्हणजे कॅमेरा जमिनीलगत ठेवून येऊरच्या जंगलवाटेवरचे कीटक टिपताना पोटावर झोपावे लागत नाही. त्यावरून व्हिडिओची अपेक्षा करू नये. अशा कॅमेऱ्याच्या लेन्स नव्या बॉडीवर लावणे हाच माझ्या मते शहाणपणाचा मार्ग आहे.

दुसरा गट: रेकॉर्डिंग संगणकावर

४०डी, ४५०डी आणि १०००डी यांच्यात डिजिक थ्री प्रोसेसर आहे, ज्यात व्हिडिओ एच.२६४ या नेहमीच्या पद्धतीने आकसण्याची क्षमता नाही. पण लाइव्ह व्ह्यूची चित्रे यूएसबी केबलमधून संगणकाकडे जातात आणि संगणक ती रेकॉर्ड करू शकतो. एका जागी बसून करायच्या चित्रीकरणासाठी, म्हणजे टेबलावरची रांगोळी, हार्मोनियमची बोटे, विक्रीच्या वस्तू किंवा वर्गातले व्याख्यान यासाठी, ही पद्धत पुरेशी आहे. चित्र मात्र एक मेगापिक्सेलच्याही आतले असते आणि फ्रेमचा वेग संगणकावर अवलंबून राहतो, त्यामुळे मोठ्या पडद्यावर दाखवायच्या कामासाठी तिच्या मागे लागू नये.

सुरुवातीला कॅमेऱ्याच्या मेनूत लाइव्ह व्ह्यू चालू आहे का ते पाहावे, कारण तो बऱ्याचदा बंद ठेवलेला असतो. ४०डी, ४५०डी आणि १०००डी यांच्यात सेटिंग चालू केल्यावर सेट बटण दाबताच आरसा खट्कन वर जातो आणि पडद्यावर दृश्य दिसू लागते. कॅमेऱ्याचा आपोआप बंद होण्याचा पर्यायही काढून टाकावा, नाहीतर वर्ग ऐन रंगात असताना केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीच उरत नाही.

त्यानंतर केबल पाहावी. या पिढीतल्या कॅमेऱ्यांना मिनी यूएसबी लागते, फोनची मायक्रो किंवा सी-टाइप नाही. आणि कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला रबरी झाकणाखाली असलेला तो सॉकेट इतक्या वर्षांनी सैल झालेला असतो. केबलचे डोके सॉकेटमध्ये घालून बोटाने हलकेच वर-खाली करून पाहावे. तेवढ्याने संगणक जोडणी तुटल्याचा आवाज देत असेल, तर केबल ट्रायपॉडच्या पायाला चिकटपट्टीने बांधून तिचा भार सॉकेटवर येणार नाही अशी सोय करावी. पाच रुपयांच्या पट्टीने हा त्रास जवळजवळ संपतो.

विंडोजवर ईओएस कॅमेरा मूव्ही रेकॉर्ड नावाचे मोफत सॉफ्टवेअर नेमके याच कामासाठी लिहिलेले आहे: कॅमेरा जोडावा, चालू करावा, सॉफ्टवेअर उघडावे, दृश्य आले की फाइल कुठे ठेवायची ते ठरवून रेकॉर्डिंग सुरू करावे. संगणकावरून कॅमेरा चालवण्याचे कॅननचे सॉफ्टवेअर, ईओएस युटिलिटी, त्या वेळी बंद असले पाहिजे, कारण एका वेळी एकच सॉफ्टवेअर कॅमेऱ्याचा ताबा घेऊ शकते, आणि कॅमेरा सापडत नाही या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा तेवढेच असते. ज्यांना थेट प्रक्षेपण किंवा ऑनलाइन वर्ग करायचा आहे त्यांनी उलट ईओएस युटिलिटीची लाइव्ह व्ह्यू खिडकी उघडी ठेवून ओबीएस स्टुडिओ या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती खिडकी उचलावी आणि तिथून व्हर्च्युअल कॅमेरा म्हणून वर्गाच्या अॅपला द्यावी. निकॉनच्या डी३०० आणि डी७०० साठी डिजिकॅमकंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर आहे, तर लिनक्सवर जीफोटो-टू दोन्ही कंपन्यांच्या अनेक कॅमेऱ्यांना ओळखते.

लेन्सची निवड करताना खोलीचे माप आधी घ्यावे. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला टेकवून ट्रायपॉड लावला तरी कॅमेरा आणि गायक यांच्यात तीन मीटरच्या आसपासच अंतर उरते. डी७०० सोडला तर या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असल्याने ५० मिलिमीटरची लेन्स त्या अंतरावर माणसाचा जेमतेम कमरेपर्यंतचा भाग घेते, आणि मांडीवर तानपुरा असलेली बैठक पूर्ण दिसण्यासाठी ३५ मिलिमीटरच्या आसपास यावे लागते. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ ची लेन्स इथे सगळ्यांत कामाची ठरते, लोक तिला कितीही नाके मुरडोत.

फोकस हाताने करावा. आरसा वर असताना कॅमेऱ्याची नेहमीची फोकस यंत्रणा आंधळी असते. ती वापरायची झाली तर आरसा क्षणभर खाली येतो आणि चित्र काळे होते. लेन्स मॅन्युअल फोकसवर ठेवावी, पडद्यावरचे दृश्य पाच किंवा दहा पट मोठे करावे, डोळ्याच्या पापणीवर किंवा वाद्याच्या तारेवर फोकस साधावा आणि पुन्हा हात लावू नये.

तिसरा गट: कॅनन ५०डी

५०डी २००८ मध्ये आला, त्याच हंगामात जेव्हा ५डी मार्क टू आला, आणि दोघांतही डिजिक फोर प्रोसेसर आहे. याच प्रोसेसरात एच.२६४ ची सोय आहे. म्हणजे लाइव्ह व्ह्यू आहे, चित्र आकसणारा भाग आहे, वेगवान कार्ड आहे, आणि तरीही कॅननने मेनूत व्हिडिओ दिला नाही. कंपनीच्या मनात काय होते यावर तर्क करण्यापेक्षा एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी: ५डी मार्क टू च्या बाबतीत कॅननने स्वतःच नंतर फर्मवेअरमधून सोयी वाढवल्या, २००९ मध्ये शटरचा वेग आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) हाताने ठरवण्याची आणि २०१० मध्ये सेकंदाला २४ व २५ फ्रेम घेण्याची. ५०डी च्या वाट्याला तसे काही आले नाही, आणि ती उणीव मॅजिक लँटर्नने भरून काढली.

मॅजिक लँटर्न हे ट्रॅमेल हडसन यांनी २००९ मध्ये ५डी मार्क टू साठी सुरू केलेले मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे, जे पुढे अनेक स्वयंसेवकांनी इतर मॉडेलांवर नेले. ते कॅननचे फर्मवेअर पुसत नाही. कार्डावरून चालू होते आणि मूळ फर्मवेअरच्या शेजारी बसून काम करते. कॅमेऱ्यात कायमचा बदल होतो तो एवढाच की चालू होताना कार्डावर असे काही आहे का ते पाहण्याची खूण, म्हणजे बूटची खूण, बसते. तरीही कंपनीची मान्यता याला नाही आणि धोका मालकाचाच असतो. ज्या कॅमेऱ्यावर पोटापाण्याचे काम अवलंबून आहे त्यावर हा प्रयोग करू नये. पंधरा वर्षांहून जुन्या, वॉरंटी केव्हाच संपलेल्या ५०डी बद्दल मात्र मला विशेष भीती वाटत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी कार्डाचा कप्पा उघडून आत टॉर्च मारावा. ५०डी ला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागते आणि त्याच्या खाचेत तळाशी सुईसारख्या बारीक ५० पिना दोन ओळींत उभ्या असतात. त्यांतली एखादी जरी वाकलेली दिसली तरी कार्ड जोराने आत ढकलू नये, कारण वाकलेली पीन शेजारणीला टेकली की बिघाड बराच खर्चिक होतो. वापरलेला ५०डी घेणार असाल तर दुकानातच हे पाहून घ्यावे. ठाण्याहून लोकलने फोर्टात बोरा बाजारच्या कॅमेरा गल्लीत जाणाऱ्यांनी खिशात फोनचा टॉर्च असतो हे विसरू नये.

बॅटरी पूर्ण भरलेली असावी. मेनूत फर्मवेअरची आवृत्ती पाहावी. ५०डी साठी ती १.०.९ हवी, आणि जुनी असेल तर आधी कॅननचेच फर्मवेअर घालून तिथवर आणावी. मॅजिक लँटर्नची प्रत त्याच मॉडेलची आणि त्याच आवृत्तीची, अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. दुसऱ्या मॉडेलची फाइल चालवून पाहण्याचा मोह सर्वांत घातक आहे.

कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्यावे आणि ते संगणकात नव्हे तर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. मग कार्ड रीडरने संगणकाला जोडून डाउनलोड केलेली झिप फाइल उलगडावी आणि तिच्यातले सगळे जसेच्या तसे कार्डाच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या बाहेर, ठेवावे: ऑटोएक्झेक डॉट बिन (autoexec.bin) ही फाइल, फर्मवेअरची फाइल आणि एमएल नावाचा फोल्डर. नवखे लोक बाहेरचा पूर्ण फोल्डरच कार्डावर टाकतात, आणि मग कॅमेऱ्याला काहीच सापडत नाही.

कार्ड कॅमेऱ्यात घालून मोड डायल एम वर ठेवावी, मेनूतून फर्मवेअर अपडेट निवडावे आणि पडद्यावर पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत कशालाही हात लावू नये. त्यानंतर सांगितल्याप्रमाणे कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करावा. कचरापेटीच्या चिन्हाचे बटण दाबल्यावर नवा मेनू उघडला की मॅजिक लँटर्न बसले असे समजावे.

यापुढे दोन सवयी लावून घ्याव्यात. कार्डाचे दार उघडल्यावर किंवा कॅमेरा बंद केल्यावर काही सेकंद थांबूनच कार्ड काढावे, कारण सॉफ्टवेअर अजून कार्डाशी बोलत असते. आणि कार्ड संगणकात पुसताना ऑटोएक्झेकची फाइल तेवढी उडवली, पण कार्डावरचीही अशीच बूटची खूण राहिली, तर कॅमेरा चालूच होत नाही. अशा वेळी घाबरून दुरुस्तीवाल्याकडे धावू नये, बॅटरी काढून, कार्ड बदलून पुन्हा लावावी. साधे कार्ड घातले की कॅमेरा नेहमीसारखा चालतो.

नव्या मेनूतल्या मूव्ही विभागात ५०डी साठीचे व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करावे, लाइव्ह व्ह्यू सुरू करावा आणि त्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत दिलेल्या बटणाने रेकॉर्डिंग करावे. १९२० बाय १०८०, सेकंदाला ३० फ्रेम असा व्हिडिओ मिळतो. एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे दृश्यात किती तपशील आहे त्यानुसार साधारण बारा मिनिटांत तुकडा संपतो. गडकरी रंगायतनमधला नाटकाचा अख्खा अंक परवानगी काढून एका दमात घ्यायचा बेत असेल तर तो सोडून द्यावा. एकेका गाण्याचे, मुलाखतीचे, नृत्याचे चित्रीकरण करावे.

२०१३ पासून मॅजिक लँटर्नमध्ये रॉ, म्हणजे न आकसलेला, व्हिडिओही आला आणि त्यामुळे ५०डी ला काही काळ चांगलीच मागणी होती. चित्र साध्या व्हिडिओपेक्षा उजवे असते, पण खूप वेगवान कार्ड, काही मिनिटांत भरणारी जागा आणि नंतर संगणकावर बराच खटाटोप लागतो. सुरुवात त्याने करू नये.

ट्यूबलाइट आणि पट्टे

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे चोक असलेल्या ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. ५०डी सेकंदाला ३० फ्रेम घेतो म्हणून परदेशी मार्गदर्शिका शटर १/६० ठेवायला सांगतात. तसे केले की ठाण्यातल्या कोणत्याही मंगल कार्यालयात चित्रावर राखाडी पट्टे सरकताना दिसतील, कारण १/६० सेकंदात दिव्याची पूर्ण आवर्तने बसत नाहीत. १/५० मध्ये बरोबर दोन बसतात, १/१०० मध्ये एक. म्हणून मॅजिक लँटर्नच्या मेनूतून शटर हाताने १/५० वर ठेवावे, उजेड फार असेल तर १/१०० वर, आणि उरलेला हिशेब अॅपर्चर (लेन्सचे प्रकाशाचे छिद्र) आणि आयएसओने जुळवावा. ज्यांच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ मुळातच आहे त्यांनी पर्याय असेल तर मेनूत पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) निवडून २५ फ्रेम घ्याव्यात, म्हणजे १/५० आपसूकच योग्य ठरते.

दुपारच्या उन्हात, उदाहरणार्थ नेरुळच्या किंवा ऐरोलीच्या खाडीकाठी रोहित पक्षी टिपताना, अडचण उलटी येते: १/१०० वरही चित्र पांढरेफटक होते. तिथे दिव्यांचा प्रश्न नसल्याने शटर वाढवता येते, पण हालचाल तुटक दिसू लागते. लेन्ससमोर उजेड कमी करणारी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावणे अधिक बरे. कॅमेरा झपाट्याने फिरवला तर उभ्या रेषा तिरक्या होतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. थवा उडाला की त्याच्या मागे कॅमेरा न फिरवता फ्रेम रुंद ठेवावी आणि पक्ष्यांना फ्रेममधून जाऊ द्यावे.

आवाज वेगळा घ्यावा लागतो

५०डी मध्ये मायक्रोफोन नाही आणि बाहेरचा जोडायला सॉकेटही नाही, त्यामुळे व्हिडिओ मुका येतो. ही उणीव कोणत्याही सॉफ्टवेअरने भरत नाही. कॉलरचा माइक लावलेला फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड करावा, दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवावी, आणि संपादनात तळवे एकमेकांना भिडलेली फ्रेम आणि आवाजातला तो उंच सुळका एकावर एक आणून ठेवावेत. लांब तुकड्यात आवाज हळूहळू ओठांच्या पुढे किंवा मागे सरकतो, म्हणून शेवटीही एक टाळी घ्यावी. फरक किती पडला ते लगेच कळते. माइक ठेवण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. पंखा बंद करायला कोणी तयार होत नाही हे खरे, पण निदान वेग एकवर आणून ठेवावा.

गरम होणे, आणि विकण्यापूर्वी

सेन्सर फोटोसाठी क्षणभर जागा होतो, व्हिडिओत तो सलग तापत राहतो. मे महिन्यात वाशीच्या बंद खोलीत दोन-तीन तुकड्यांनंतर अंधाऱ्या भागात दाणे आणि ठिपके वाढलेले दिसतात. मॅजिक लँटर्न तापमानाचा आकडा पडद्यावर दाखवते. तो चढू लागला की लाइव्ह व्ह्यू बंद करून कॅमेऱ्याला विश्रांती द्यावी. दिवसभराच्या वर्गासाठी बॅटरीच्या जागी बसणारी, भिंतीच्या प्लगवर चालणारी डमी बॅटरी घ्यावी. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते ती वापराने कमी आणि बंद बॅगेत पडून राहण्याने जास्त, त्यामुळे सिलिका जेलची पुडी घातलेला हवाबंद डबा हवाच.

कॅमेरा विकायचा किंवा कोणाला द्यायचा झाला तर मॅजिक लँटर्न काढून टाकावे. मॅजिक लँटर्नचेच कार्ड घालून मेनूतून पुन्हा फर्मवेअर अपडेट चालवावे आणि पडद्यावरच्या सूचनेनुसार बूटची खूण काढावी, त्यानंतर ते कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करताना मॅजिक लँटर्न न ठेवण्याचा पर्याय निवडावा, आणि शेवटी साधे कार्ड घालून कॅमेरा मूळ मेनूसह नीट चालू होतो का ते घेणाऱ्याच्या समोरच दाखवून द्यावे.